प्रणय म्हणाला, असे आचल म्हणाली

फोन सकाळी आला. नाचणगावहून माझी भाची आचल बोलत होती. "मामाजी, प्रणय काही बोलून नाई राह्यला," ती म्हणाली. मला पटकन अर्थ लागला नाही. प्रणय तिचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांचा. त्याचे एकही वाक्य मला आजवर कळले नव्हते, त्यामुळे तो बोलत नाही ही बातमी कशी होते ते समजेना. मी विचारले, रुसला आहे काय. "नाई," ती म्हणाली, "आवाजच नाई काढून राह्यला. श्वास घेते, पण..." वाक्य तिथेच राहिले. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. भाजी बाजारात नेण्यासाठी माझ्या भाऊजींनी घेतलेली ती छोटी मालवाहू गाडी होती. तिच्यातच गादी टाकून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात नेले. मी नागपूरहून पोचलो तेव्हा सगळे आवारातल्या कडुनिंबाखाली बसलेले होते आणि कोणी काही सांगण्याची गरज उरली नव्हती. छातीत कफ दाटला होता. दर पावसाळ्यात दाटायचा आणि दर वेळी तो त्यातून बाहेर यायचा, म्हणून या वेळी कोणी घाबरलेही नव्हते.

प्रणयविषयी लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण लक्षात आली. बातमीदारीत माझी हयात गेली. कोण काय म्हणाले ते लिहायचे आणि खाली ते कोणाकडून कळले ते लिहायचे, एवढे त्या कामाचे सूत्र. प्रणयची मला आठवणारी वाक्ये पुष्कळ आहेत. काही चांगलीच तिखट आहेत. पण त्यातले प्रत्येक वाक्य मी आचलच्या तोंडून ऐकले आहे. मला आठवतो आहे तो मुलगा नेमका कोण होता, हे आज मला सांगता येत नाही.

जन्मताना तो रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढे हातपाय ताठ राहिले, मान उशिरा धरली, चालणे झालेच नाही. गळ्यातून आवाज येत, लांब, आखूड, चढे, उतरते, पण त्यांचे शब्द होत नसत. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हिला आवाजावरून भूक कळे, दुखणे कळे. त्याच्या पलीकडचे काही तिला कळत नसे. आचल त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. ती सहासात वर्षांची असताना एकदा चुलीपाशी येऊन म्हणाली, "आई, तो म्हन्ते, मले बाहेर ने, इथं धूर होते." ताईने त्याला बाहेर नेले. तो शांत झाला. त्या दिवसापासून घरात प्रणयला बोलता येऊ लागले, असे ताई सांगते. तिच्या सांगण्यात किंचितही विनोद नसतो.

भाऊजींचे शेत गाव आणि पुलगाव यांच्या मधे आहे. वांगी, भेंडी, पालक आणि बारा महिने सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दुपारनंतर टिनाच्या शेडखाली सांबाराच्या जुड्या बांधायचे काम चाले आणि प्रणयची खुर्ची तिथेच असे. भाऊजींनी प्लास्टिकच्या खुर्चीला पुढून फळी आणि बाजूने पट्टे लावून ती तयार केली होती. आचल शाळेतून आली की जमिनीवर बसून जुड्या बांधे, पाठ त्याच्या पायांना टेकलेली. तो वरून आवाज काढी आणि ती मान वर न करता सांगे. व्यापारी भाव पाडून मागायला आला की, "तो म्हन्ते, याच्या गाडीत पेट्रोल भरायले पैसे हायेत, आपल्याले द्याले नाईत." व्यापारी हसे आणि थोडे चढवून देई. भाऊजींची मोठी बहीण, जिला सगळे घर आत्याच म्हणते, माहेरी आली की तिच्या वाट्यालाही काहीतरी येई. "तो म्हन्ते, आत्या दर खेपेस रिकामी पिशवी आणते अन् भरून नेते." आत्या कमरेवर हात ठेवून प्रणयपुढे उभी राही आणि म्हणे, "काऊन रे, तुह्या बापाचं नेतो काय मी? नेतो, माह्या भावाचं नेतो." प्रणयचे सगळे अंग हसण्याने हाले. निदान ते हसणे असावे. त्याचे हसणे आणि रडणे एकाच चेहऱ्यावर होई, आणि आम्हा बाकीच्यांना दोन्हींत फरक करता येत नसे.

त्याच्यावर कोणी रागावत नसे. हेच वाक्य सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नावावर म्हटले असते तर आत्याने घर डोक्यावर घेतले असते. हे मला त्या काळातही दिसत होते. त्यामुळे वाक्ये आचलचीच असावीत, असा माझा बरेच दिवस कयास होता. पण दुसऱ्या बाजूलाही पुरावे होते. एकदा आचल पुलगावला शिकवणीला गेली असताना गायीचा पाय खुंट्याच्या दोरात अडकला. घरी प्रणयशिवाय कोणी नव्हते, गाय स्वतःच सुटली. आचल आली, त्याने काहीतरी सांगितले, आणि ती थेट गोठ्यात जाऊन गायीचा मागचा पाय तपासू लागली. पायावर दोराचा वळ होता. हे माझ्यासमोर घडले. मी तेव्हाच दाराशी पोचलो होतो.

मग एका दिवाळीत मी पडताळा घ्यायचे ठरवले. आचल आत असताना प्रणयला खिशातले लिंबू दाखवले आणि परत ठेवून दिले. ती आल्यावर म्हटले, विचार त्याला माझ्या खिशात काय आहे. त्याने आवाज काढला. ती म्हणाली, "लिंबू." मी पुन्हा तिला आत पाठवले आणि या वेळी त्याला किल्ल्या दाखवल्या. या वेळी तो बराच वेळ बोलला. तिने नीट ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहिले. "तो म्हन्ते, मामाजीले परीक्षा घ्याची असन तं शाळेत जाऊन घ्या म्हणा." ताई हसून लोटपोट झाली. किल्ल्यांचा प्रश्न तसाच राहिला. लिंबाचा वास तिला आला असेल, ही शक्यताही मी नंतर स्वतःशी नोंदवली.

तालुक्याच्या शिबिरात एका बाईंनी प्रणयला चित्रांचा तक्ता दिला होता. पाणी, जेवण, झोप, हो, नाही, अशी चित्रे. मुठीने दाखवायला शिकवा, म्हणजे तो स्वतः सांगेल, असे त्यांनी बजावले होते. काही दिवस तक्ता फळीवर राहिला. मग प्रणयने तो ढकलून दिला, की त्याचा हात नेहमीसारखा झटक्याने गेला आणि तो पडला... आचल म्हणाली, "त्याले नाई पायजे." ताई म्हणाली, तक्ता कशाला हवा, आचल आहे ना. तक्ता कपाटावर गेला.  बोलावे असे त्यात काही आहे, हे मला तेव्हा जाणवले नव्हते.

यंदा आचल बारावी झाली. गुण चांगले होते. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. निदान तसे तिने मला फोनवर सांगितले होते, त्यात 'तो म्हन्ते' नव्हते. नागपूरला माझ्या घरी राहायचे, प्रवेश तिथल्या महाविद्यालयात घ्यायचा, असे मी भाऊजींशी ठरवत आणले. भाऊजी तयार होते. ताईचे एकच म्हणणे होते, ही गेली तर प्रणयचे कोण सांगेल. आत्या तेव्हा तिथेच होती. ती म्हणाली, त्याची जीभ घेऊनच जाणार आहे म्हणा ही. शेवटी भाऊजींनी प्रणयलाच विचारायचे ठरवले. शेडमध्ये आम्ही सगळे उभे होतो. भाऊजी खुर्चीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "बोल बापू, जाऊ देऊ काय तुह्या बहिणीले नागपूरले?"

तो बोलला. इतका वेळ बोललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मधे थांबला, श्वास घेतला, परत बोलला. मान मागे गेली, तोंडातून लाळ आली, ती आचलने नेहमीसारखी ओढणीने पुसली. तो थांबल्यावर तिने आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "तो म्हन्ते, जाऊ नको."

एवढ्या लांब बोलण्याचे दोनच शब्द कसे झाले, हे कोणी विचारले नाही. ताईने पदराने डोळे पुसले. भाऊजी उठले आणि भाजीला पाणी द्यायला गेले. मी प्रणयच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो हसत होता किंवा रडत होता. मी त्याच दिवशी नागपूरला परतलो. आचलने पुलगावच्या महाविद्यालयात नाव टाकायचे ठरले. पाऊस लागला आणि प्रणयच्या छातीत कफ दाटला.

दहाव्याला आम्ही वर्धा नदीवर गेलो. पाणी चढलेले होते, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडल्या होत्या, म्हणून पिंड वरच्या ओट्यावर ठेवला. आमच्याकडे समजूत अशी की कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याचे काहीतरी मागे राहिले आहे. ते ओळखून मोठ्याने कबूल करायचे असते, म्हणजे कावळा येतो. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते. एकही हलेना. क्रिया करणारे गुरुजी म्हणाले, काय राह्यलं असन ते सांगून टाका. भाऊजींनी आधी खुर्चीचे सांगितले, दुसऱ्या गरजू पोराला देतो म्हणून. मग औषधपाण्यात कमी पडलो असेन तर माफ कर, म्हणाले. कावळे तसेच. तेव्हा एकेक करून सगळ्यांच्या माना आचलकडे वळल्या. ती पायऱ्यांच्या कडेला उभी होती.

"तूच विचार न, बाई," आत्या म्हणाली, "तुले त सारंच समजे त्याचं."

 आचलने नदीकडे पाहिले, पिंडाकडे पाहिले. तिचे ओठ एकदा हलले. आम्ही वाट पाहत राहिलो, जशी शेडमध्ये पाहायचो. काहीच आले नाही. तेव्हा भाऊजींनी हात जोडले आणि म्हणाले, "पोरीले शिकाले पाठवतो, बापू, काळजी नको करू." नेमके त्याच वेळी पलीकडून आत्याने हात जोडून म्हटले, "पोरगी मायजवळच राहीन रे, कुठीच नाई जात." दोन्ही वाक्ये एकमेकांत मिसळली. बाभळीवरून एक कावळा उडाला, ओट्यावर उतरला आणि पिंडातला भात घेऊन गेला.

परतताना त्याच मालवाहू गाडीत वाद सुरू झाला. भाऊजींचे म्हणणे, मी आधी बोललो. आत्याचे म्हणणे, बोलला असशील, पण कावळा उडाला तो माह्या शब्दावर. गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, शिवला एवढे पुरे, बाकीचे तुमचे तुम्ही पाहा, आणि वाटेत आपल्या घरापाशी उतरून गेले. मग मला विचारले. मी पेपरातला माणूस, शिवाय कोणाच्याच बाजूने पाहत नव्हतो. मी जे पाहिले ते सांगितले. दोघे एकदम बोलले आणि कावळा त्यानंतर आला. आत्या म्हणाली, एवढं शिकून काय उपयोग झाला तुमचा. त्यावर भाऊजीही हसले. हौद्यात मागे बसलेल्या आचलला हे सगळे ऐकू जात असणार. ती नदीच्या बाजूला तोंड करून बसली होती.

तेरवी झाली तरी प्रश्न मिटला नाही. आता तो विनोदाचाही राहिला नव्हता, कारण प्रवेशाची शेवटची फेरी तोंडावर आली होती. मुलाला दिलेला शब्द मोडायचा नाही, यावर भाऊजी आणि आत्या दोघेही ठाम होते. शब्द कोणता, एवढेच ठरत नव्हते. आणि ज्याला दिला तो नव्हता. त्याच्या वतीने सांगणारी होती, पण दहाव्यापासून तिने त्याचे एक वाक्य सांगितले नव्हते. शेवटी भाऊजींनी तिला समोर बसवले. ताई बाजूला पालक निवडत होती. भाऊजींनी विचारले, त्या दिवशी शेडमध्ये तो खरेच 'जाऊ नको' म्हणाला होता काय. तसे असेल तर माझा शब्द खोटा, मी आत्याचे ऐकतो.

आचलने ताईपुढची पालकाची एक जुडी सोडली. मग म्हणाली, "मले नाई मालूम, बाबा."

"तूच सांगतलं न आम्हाले?"

"हो. तो लय बोलला. इतकं तो कधी बोले नाई. मले अर्धंही समजलं नाई. तुम्ही सारे माह्याकडे पाहून राह्यलते... मंग मी सांगतलं. तेव्हा मले वाटलं, तो हेच म्हणून राह्यला."

"अन् आता?"

"आता वाटते, तो दुसरं काही म्हणत असन. मंग वाटते, नाई, हेच. मंग वाटते का मलेच जायचं नव्हतं. तुम्ही मले विचारू नका न."

 भाऊजी जमिनीकडे पाहू लागले. मला वाटते, त्या क्षणी त्या घरात मुलाचा मृत्यू दुसऱ्यांदा झाला. त्यांचा व्यापाऱ्याला टोमणे मारणारा, आत्याशी भांडणारा, धूर होतो म्हणून सांगणारा प्रणय होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकत नव्हते. आचलही नाही. आणि ती खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याइतकाही पुरावा नाही.

ताईने पालकाची काडी मोडली आणि म्हणाली, "त्याचं जाऊ दे. तो काय म्हणे ते त्याच्यासंग गेलं. तू काय म्हन्त ते सांग."

आचलने लगेच तोंड उघडले आणि "तो..." एवढा शब्द बाहेर आला. ती थांबली. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला आणि कोणीच तसे दाखवले नाही. तिने परत सुरुवात केली. "मले..." ती म्हणाली आणि पुन्हा थांबली. हे वाक्य तिला इतके अवघड जाईल असे मला वाटले नव्हते. "मले जायचं हाय," ती शेवटी म्हणाली. आणि ताईकडे पाहत, "असं वाटते. पक्कं नाई सांगता येत."

"पक्कं कोणाले सांगता येते," ताई म्हणाली आणि पालक धुवायला उठली. आत्याने त्यावर एवढेच विचारले, की तिच्या सोबत पापड द्यायचे की कुरड्या. प्रश्न मिटला तो असा. कावळ्याचे काय झाले, ते अजूनही ठरलेले नाही.

आचल आता माझ्या घरी राहते. पहिल्या रविवारी आम्ही तिघे, ती, माझी पत्नी आणि मी, दुपारी जेवायला बसलो होतो. पत्नीने वरण आणि पोळ्या वाढल्या. आचलने ताटात पोळी कुस्करायला घेतली. इतकी बारीक की तुकडा दिसेना. वर वरण ओतले, अंगठ्याने दाबून दाबून गाठी मोडल्या, ताटाची कड बोटाने निपटून सगळे मधोमध आणले. पहिला घास उचलला आणि हात तसाच राहिला, किंचित उजवीकडे वळलेला. तिकडे भिंत होती. पत्नीने विचारले, दात दुखतो काय, साध्या पोळीसोबत भाजी देऊ काय.

"नाई, मामी," ती म्हणाली. तिने घास स्वतःच्या तोंडात घातला. चावण्यासारखे त्यात काही नव्हते, तरी ती बराच वेळ चावत राहिली. पत्नीने विचारले, कसे झाले आहे.

"मालूम नाई. मी हे कधी खाल्लं नाई. रोज त्याले चारून देत होती अन् साऱ्याइले सांगत होती, त्याले लय आवडते म्हणून." तिने आणखी एक घास घेतला. "जेवता जेवता मधातच एक आवाज काढे तो. रोज. मी पाणी पाजत होती..."

मग तिने ताटातले मीठ चिमटीत घेतले, त्या काल्यावर टाकले, नीट मिसळले आणि परत खाऊन पाहिले.

"अळणी लागत होतं हे," ती म्हणाली. कोणाला, ते मी विचारले नाही.